घोडीजवळचा पिकअप

बटणरावाची बायको गिटार वाजवत गायची आणि बटणराव तिच्या बँडचं साउंड सांभाळायचा. लग्न आधी झालं की बँड आधी जमला, यावर दोघांचं अजून एकमत नव्हतं. बटणराव हे नाव त्याला मेव्हण्याने ठेवलं होतं. कारण असं, की जेवायला बसला तरी याचा हात साउंडच्या मिक्सरचं बटण फिरवल्यासारखा मिठाची डबी फिरवत असायचा. मेव्हणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. तो बँडमध्ये बेस वाजवायचा, तोंडावर 'दाजी' म्हणायचा आणि पाठीमागे बटणराव. हळूहळू पाठीमागचंच नाव पुढे आलं आणि चिकटलं.

त्या संध्याकाळी घरात सराव चालू होता. समोरची खोली बँडलाच दिलेली होती. सोफा भिंतीला लावलेला, जमिनीवर वायरींचं जाळं, कोपऱ्यात मिक्सर आणि धूळ बसू नये म्हणून त्याच्यावर जुना टॉवेल. बायकोने एक कॉर्ड वाजवला, मान तिरकी करून ऐकला, पुन्हा वाजवला.

"मेलाय हा आवाज," ती म्हणाली. "अँपवर कुणी रजई टाकलीय असं वाटतं."

हे ती बरेच दिवस म्हणत होती. तारा बदलून झाल्या, वायर बदलून झाली, अँप उघडून स्पीकर तपासून झाला. बटणरावाने कान देऊन ऐकलं. आवाज स्वच्छ होता. स्वच्छ कसला, चांगला टोचत होता, कारण तिने अँपचं ट्रेबल, म्हणजे वरचे बारीक आवाज वाढवायचं बटण, आधीच पार वर नेऊन ठेवलं होतं.

दोष कुठे आहे हे त्याला माहीत होतं. मागे तिला ताप आला होता तेव्हाच ते पक्कं झालं होतं. ती थर्मामीटर तोंडात धरून बसली होती. तो बारीक आवाजात पीं-पीं वाजला, वाजून थांबला, आणि ही आपली तशीच बसलेली. मग तोंड न उघडता भुवयांनीच तिने विचारलं, झालं का? "सेल गेलेत वाटतं याचे," असं म्हणून बटणरावाने थर्मामीटर काढून घेतला आणि ताप बघायचाच विसरला.

आणि आताही त्याने तेच केलं.

"पिकअप," तो म्हणाला. "पिकअप जुने झालेत."

बोलून गेला आणि त्याला वाटलं, शब्द परत गिळता आले तर बरं. पण बायकोचा चेहरा उजळला होता. दुखणं काय आहे ते एकदाचं कळल्यावर माणसाला हायसं वाटतं, तशी ती म्हणाली, "मग बदलूया की! इतके दिवस बोलला का नाहीस?"

इलेक्ट्रिक गिटारला पोकळ पोट नसतं. तारांखाली चुंबक बसवलेला असतो, त्याच्याभोवती केसाएवढ्या बारीक तांब्याच्या तारेचे वेढे असतात. वरची तार थरथरली की ती थरथर हे वेढे टिपतात आणि वायरीतून अँपकडे पाठवतात. तो पिकअप. तो बदलला की त्याच गिटारचा आवाज बदलतो, हे खरंच आहे. म्हणून तर बटणरावाचं खोटं इतकं छान बसलं.

खोटं बोलायचं कारण त्याच्या खिशात होतं. तिथे एक छोटी डबी असायची आणि तिच्यात कानाच्या मापाने ओतून घेतलेले त्याचे बोळे. कान गेले की साउंडवाल्याचा धंदा गेला, म्हणून कार्यक्रम सुरू होण्याआधी तो ते न चुकता घालायचा. बायकोला त्याने सांगितलं होतं, तूही करून घे. ती हसली होती, "बोळे घालून गायचं? लोकांच्या टाळ्या ऐकू नकोत मला?" त्याने विषय सोडून दिला होता. स्टेजवर तिच्या डाव्या कानाशी ड्रमची झांज, पायाशी तिचंच गाणं-वाजवणं तिला ऐकवणारा मॉनिटर स्पीकर, मागे अँप. गाण्याच्या मधेच ती अंगठा वर करायची: अजून. की हा वाढवायचा. पुन्हा अंगठा, पुन्हा वाढ. बायको मागतेय आणि आपण देतोय याचं त्याला सुखसुद्धा वाटायचं. त्या वेळी त्याचे स्वतःचे कान मऊ बोळ्यांमागे सुखरूप बसलेले असायचे.

मेस्त्रीचं दुकान एका जिन्याखाली होतं. भिंतीवर गिटारींच्या नुसत्या माना टांगलेल्या, टेबलावर लाकडाचा भुसा, आणि सगळीकडे सोल्डरचा वास. मेस्त्री बटणरावाचा जुना मित्र. त्याने वेगवेगळे पिकअप बसवलेल्या गिटारी गिऱ्हाइकांना वाजवून बघायला ठेवल्या होत्या.

"घोडीजवळचाच बदलायचा ना?" तारा खाली जिच्यावर टेकतात त्या पट्टीवर बोट ठेवून त्याने विचारलं. "तिथला आवाज मुळातच धारदार असतो. बघा, कुठला पटतो."

बायको एकेक गिटार मांडीवर घेऊन वाजवू लागली. डोळे मिटून ऐकायची आणि मान हलवायची. एक जाड आहे म्हणाली. दुसरी झोपाळू. मग तिने एक वाजवली आणि मेस्त्रीच्या हातातला पाना टेबलावर पडला.

"ही," ती म्हणाली. "ही बोलतेय बघ."

"ताई, तो पिकअप फार चिरका आहे," मेस्त्री म्हणाला. "तो मी फक्त दाखवायला ठेवलाय. लहान हॉलमध्ये पहिल्या रांगेतली माणसं उठून जातील."

"मला हाच हवा."

ती हात धुवायला मागे गेली, तेव्हा मेस्त्रीने बटणरावाकडे रोखून पाहिलं. "तुझे कान काय म्हणतात?"

"वाजवणारी ती आहे," बटणराव म्हणाला.

"ते मला दिसतंय. मी तुला विचारतोय."

बटणराव टेबलावरचा भुसा बोटाने गोळा करत राहिला. मेस्त्रीने पुढे विचारलं नाही. पिकअप कागदात गुंडाळून त्याच्या हातात दिला आणि बायको बाहेर आल्यावर फक्त म्हणाला, "नाही आवडला तर बदलून देईन. बरं का, ताई."

पिकअप बटणरावाने घरीच बसवला. जुना काढला, वायरींची टोकं सोलली, डाख दिला. बायको शेजारी बसून टॉर्च धरून होती आणि मधूनच त्याच्या कपाळावरचा घाम पुसत होती. इतक्या प्रेमाने तिने बऱ्याच दिवसांत त्याच्याकडे पाहिलं नव्हतं. डाख त्याला दोनदा द्यावा लागला.

पुढचा कार्यक्रम एका हॉटेलच्या सभागृहात होता. पहिला कॉर्ड वाजला आणि समोरच्या टेबलावरच्या एका बाईने चमचा खाली ठेवला. बटणरावाचा हात आपोआप मिक्सरवर गेला. त्याने बायकोच्या चॅनेलचं ट्रेबलचं बटण डावीकडे फिरवलं, अजून फिरवलं, तळाला नेलं. मोठ्या स्पीकरांतून आवाज पुन्हा गोड झाला आणि बाईने चमचा उचलला. स्टेजवर मात्र अँप तसाच किंचाळत होता. मध्यंतरात मेव्हणा कपाळ चोळत आला.

"दाजी, ताईची गिटार म्हणजे दाताच्या डॉक्टरकडचं ड्रिल झालंय. हा आवाज कुणाच्या डोक्यातून निघाला?"

"तिला आवडतो," बटणराव म्हणाला.

"असेल बाबा. माझं डोकं फुटायचं तेवढं बाकी आहे."

कार्यक्रम संपल्यावर लोक येऊन म्हणाले, काय सुंदर आवाज होता गिटारचा. बायकोने बटणरावाचा दंड धरून त्याला पुढे ओढलं. "याला सांगा. यानेच शोधून दिला." तो हसला. त्या हसण्याने त्याचे गाल दुखले.

थोड्याच दिवसांत तिची रजई परत आली. मग आणखी चिरका पिकअप आला. मग गिटारवरचं टोनचं बटणच वायरीतून काढून टाकलं, म्हणजे आवाज कुठे अडायला नको. दर वेळी बटणराव मनाशी ठरवायचा, आज सांगू. दर वेळी ती काहीतरी चांगलं बोलायची आणि आजचं उद्यावर जायचं. सांगायचं तर काय सांगायचं होतं? तुझे कान गेलेत, आणि जाताना मी माझे झाकून बसलो होतो.

शेवटी हे फोडलं तिच्या एका विद्यार्थिनीने. बायको घराजवळच्या वाचनालयाच्या वरच्या खोलीत मोठ्या माणसांना गिटार शिकवायची. विद्यार्थ्यांत एक नर्स होती. ड्यूटी संपवून यायची, दमलेली असायची, पण बोलायला मोकळी. आदल्या संध्याकाळचा कार्यक्रम ती ऐकून आली होती. वर्गात बायकोने एक तुकडा वाजवून दाखवला आणि नर्सने सरळ दोन्ही कानांवर हात ठेवले.

"ताई, राग मानू नका," ती म्हणाली, "पण इथे हा आवाज सहन होत नाही. सगळे भिंतीला चिकटून का बसतात, तुमच्या लक्षात आलंय का? काल स्टेजवर तर किती गोड वाजत होती! तीच गिटार आहे ना ही?"

तीच गिटार होती, अँपही तोच. कालच्या आणि आजच्या मधे एकच गोष्ट कमी होती, आणि ती घरी टॉवेलाखाली होती.

बटणराव दुकानातून सामान घेऊन आला तेव्हा बायको मिक्सरसमोर त्याच्या स्टुलावर बसली होती. टॉवेलाची घडी मांडीवर. कार्यक्रम संपला की सगळी बटणं मध्यावर आणून ठेवायची, ही त्याची सवय. काल सामान भरायच्या घाईत राहून गेलं होतं.

"माझा चॅनेल कुठला?" तिने विचारलं.

"तिसरा."

"हे वरचं बटण कशाचं?"

"ट्रेबलचं."

"बाकी सगळ्यांचं मधे आहे. माझंच तळाला का?"

तो पिशवी हातात धरून तसाच उभा राहिला. "त्या हॉलमध्ये जरा घुमत होतं," तो म्हणाला, आणि म्हणता म्हणताच त्याला स्वतःची किळस आली.

"हॉलमध्ये?"

"नाही."

"मग?"

त्याने पिशवी खाली ठेवली. त्यातला एक बटाटा घरंगळत सोफ्याखाली गेला. "गिटार फार टोचते गं. तुला नाही वाटत, पण टोचते. तुला वरचे आवाज ऐकू येत नाहीत. बरेच दिवस झाले."

ती बटणाकडे बघत राहिली.

"आणि पिकअप?"

"पिकअपला काही झालं नव्हतं. मूळचाही चांगलाच होता."

"मेस्त्रीला माहीत आहे?"

"मी सांगितलं नाही. ओळखलं असेल."

"वा," ती म्हणाली. "मी वाजवायचं, तू मागे बसून पुसायचं, आणि लोकांनी टाळ्या वाजवायच्या. आणि मी मूर्खासारखी सगळ्यांना सांगत फिरले, नवऱ्याने आवाज शोधून दिला म्हणून!"

"मला भीती वाटत होती."

"कसली? मला वाईट वाटेल याची?"

त्याला हो म्हणता आलं असतं. तेवढं खोटं खपलंही असतं. पण आता त्याच्याने झालं नाही. खिशातली डबी काढून त्याने मिक्सरवर ठेवली. "याची. मी हे घालून बसायचो आणि तुझा मॉनिटर वाढवत राहायचो."

"मीच नको म्हटलं होतं."

"मी एकदाच सांगितलं होतं."

त्याला वाटलं, ती म्हणेल, जाऊ दे. ती म्हणाली, "हो. एकदाच." टॉवेल मिक्सरवर टाकला आणि आत निघून गेली.

कानाच्या तपासणीला ती भावाला घेऊन गेली. "तू नको," असं तिने दारातूनच सांगितलं. "तू असलास की मी तुझंच तोंड वाचत बसेन." मागे घरात बटणरावाने सगळ्या वायरी सोडवल्या, पुसल्या, गुंडाळल्या आणि काही सुचेना तेव्हा पुन्हा सोडवून गुंडाळल्या.

ती आली ती सरळ आंघोळीला गेली. मेव्हणा बूट काढत काढत म्हणाला, "वरचं बरंच गेलंय, दोन्ही कानांतलं. परत येणार नाही म्हणतात. उरलंय ते सांभाळायचं. यंत्राने बोलणं स्पष्ट होईल, गाण्याचं काही सांगता येत नाही." मग बुटाच्या नाडीशी खेळत म्हणाला, "दाजी, मला तरी सांगायचं होतंत. मी तिच्या शेजारीच उभा असतो."

हे बटणरावाच्या डोक्यातच आलं नव्हतं. दुसऱ्याच दिवशी त्याने मेव्हण्याला आणि ड्रमवाल्याला बोळ्यांचं माप द्यायला नेलं. दोघं गेले आणि निमूटपणे माप देऊन आले. कुणी एकही विनोद केला नाही. मेव्हण्याने विनोद न करणं ही बटणरावाला मिळालेली पहिली शिक्षा होती.

घरात बोलणं कामापुरतं उरलं. चहा हवा का, गॅस बंद केलास का. बायकोला कानाचं यंत्र मिळालं, सध्या एकाच कानाला. ते लावून ती पेपर वाचायला बसली आणि वैतागून म्हणाली, "हा कागद वाजतोय की कुणी भजी तळतंय?" बटणरावाला हसू आलं, पण हसायचा हक्क आहे की नाही ते कळेना, म्हणून तो खोकला. माफी त्याने मागितली होती, एकदा नाही, अनेकदा. शेवटी ती म्हणाली होती, "ते राहू दे आता. मला वाजवायचंय. त्याचं बघ."

म्हणून दोघं पुन्हा मेस्त्रीच्या दुकानात गेले. मेस्त्रीने त्यांना पाहिलं आणि काही न विचारता पंखा लावून दिला.

"हवं तर जुनाच परत बसवतो," तो म्हणाला. "यांनी जपून ठेवला असेल."

"जुना नको," बायको म्हणाली. "तो मला आठवतो तसा आता ऐकू येणार नाही. दुसरा द्या." मग तिने बटणरावाला समोरच्या स्टुलावर बसवलं. "मी वाजवते, तू सांग. तू खोटं बोललास तर मला कळणारही नाही. हे लक्षात ठेवून बोल."

आयुष्यभर त्याने आवाज बोटांनी हाताळला होता. तोंडाने सांगायची वेळ कधी आलीच नव्हती. ती वाजवायला लागली आणि त्याला घाम फुटला.

"हा... ठीक आहे."

"ठीक म्हणजे काय?"

"म्हणजे पातेलं खरवडल्यासारखा. वाईट आहे."

"मग वाईट म्हण. पुढचा?"

"हा जाड आहे. तू गायला लागलीस की तुझ्या आवाजाच्या अंगावर येईल."

"पुढचा?"

त्याने तिला परत वाजवायला लावलं. एकदा खाली, एकदा वर, एकदा हलक्या हाताने. मेस्त्रीने हातातलं काम थांबवलं. "हा उघडा आहे," बटणराव म्हणाला, "पण टोचत नाही. शब्द म्हणताना मधे येणार नाही. वरच्या तारेवर काचेचं भांडं हलकंसं वाजवल्यासारखं काहीतरी आहे. छान आहे."

"मला त्यातलं काहीच ऐकू येत नाहीये," ती म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता. "मला हा आणि मघाचा, दोन्ही सारखेच. नक्की ना?"

"नक्की."

तिने मेस्त्रीकडे पाहिलं नाही, खातरजमा करून घेतली नाही. "हाच बसवा," म्हणाली. तिने ओरडून शिव्या घातल्या असत्या तर बटणरावाला सोपं गेलं असतं. तिने विश्वास ठेवला, आणि तो त्याच्या छातीवर दगडासारखा येऊन बसला.

गिटार दुकानात ठेवून दोघं चालत निघाले. ऊन उतरत होतं, दुकानदार फुटपाथवर पाणी मारत होते. थोडं पुढे गेल्यावर तिने विचारलं, "आणखी काय काय ऐकू येत नाही मला? तुझ्या लक्षात आलेलं सगळं सांग."

"आता? रस्त्यात?"

"घरी गेलो की तू वायरी आवरायला घेशील."

मग त्याने सांगितलं. फ्रिजचं दार उघडं राहिलं की तो वाजतो. शेजारच्यांची बेल. फोनवर तिची आई शेवटचे शब्द हळू बोलते तेव्हा ही 'हो हो' म्हणून मोकळी होते, आणि म्हणून आई मागच्या वेळी रुसली होती. ती प्रत्येक गोष्टीला मान डोलावत होती. आणखी एक गोष्ट राहिली होती. ती सांगितली नाही तर चाललं असतं. आज एवढं पुरे, असं म्हणता आलं असतं.

"आणि गाताना," तो म्हणाला, "तुझा 'स' बोथट व्हायला लागलाय. तुला तो ऐकू येत नाही, म्हणून नीट लागत नाही. श्रोत्यांना अजून कळत नाही. मला कळतो."

ती जागच्या जागी थांबली. मागून येणारा सायकलवाला घंटी वाजवत कडेने गेला.

"किती गाण्यांत?"

"ज्या ज्या गाण्यात 'स' आहे त्या सगळ्यांत."

तिने डोळे मिटले. रडेल असं त्याला वाटलं. तो तिचा हात धरायला पुढे झाला, पण तिने हात दिला नाही. मग भर रस्त्यात, एका चपलांच्या दुकानासमोर, ती म्हणाली, "सावली."

"नाही," बटणराव म्हणाला. "शेंडी नाहीये त्याला."

"सावली."

"जीभ जरा पुढे घे. दातांपाशी."

"सकाळ. सरळ. सासू."

"सासू बरी झाली," तो म्हणाला. "पहिले दोन नाही."

"सासूच बरी झाली!" ती म्हणाली. ती हसली नाही, पण चालायला लागली, आणि चालता चालता एकेक शब्द म्हणत राहिली. तो तिच्या शेजारून, यंत्र नसलेल्या बाजूने नाही तर असलेल्या बाजूने, प्रत्येक शब्दाला हो किंवा नाही सांगत गेला. बहुतेक नाहीच.